चौलचं बंदर वाड्यांखाली आहे

(ड्रोन : समुद्रावरून कुंडलिकेचं मुख)

डावीकडे रेवदंडा, उजवीकडे कोर्लईचा डोंगर, मधून आत शिरणारी कुंडलिका. पोर्तुगीजांनी दोन्ही काठांवर तट का बांधले, हे इतक्या उंचावरून वेगळं सांगायला नको. पण चौल त्यांच्याही आधीचं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत कल्याणच्या पुढची बंदरं मोजताना त्याचं नाव येतं. इथल्या दात्यांची नावं कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेली आहेत.

(नारळ-सुपारीची वाडी)

ते बंदर बघायचं तर मान खाली घालायची. वाडीत आळं खणलं तरी खापरं वर येतात. हा तुकडा बघा. वरून हिरवट-निळी झिलई, मोडलेल्या कडेला पिवळसर माती. ही घडण आपल्याकडची नाही, आखातातून आलेली. शेजारचा पांढऱ्यावर निळ्या वेलीचा, तो चिनी.

डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे आणि सहकाऱ्यांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा थेट सातवाहनकाळाचे थर लागले. थर लागतात ते सावकाश. दोऱ्या ताणून चौकोन आखायचा, माती बोटाबोटानं सोलायची, चाळायची. मातीचा रंग पालटला की हात थांबवायचा; नवी पिशवी, नवी चिठ्ठी. खापर कुठल्या थरात, कशाशेजारी होतं, यावरच त्याचा काळ ठरतो. थरातून सुटलं की ते नुसतं खापर.

(ड्रेजर, पाइप, भराव)

आता हे यंत्र, तळातला गाळ उपसणारा ड्रेजर. खाडीतली बंदरं गाळानं भरतात. नवी जेट्टी बांधून मोठी मालवाहू बार्ज आत घ्यायची तर तळ उपसावाच लागतो. कटर फिरतो, पंप ओढतो, आणि दगडी नांगर असो की गलबताची फळी, सगळं एकाच धारेत भरावावर.

कायदा आहे. केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर बांधकामाला मनाई, पुढचे 200 मीटर परवानगीनं. पण तो यादीतल्या वास्तूंना. यादीत नसलेल्या खाडीच्या तळाला हे वर्तुळ कुठून आखायचं? म्हणून ड्रेजर उतरण्याआधी ध्वनिलहरींनी तळाचा सोनार सर्व्हे आणि काठावर चाचणी चर, एवढं तरी हवंच. विजयदुर्गला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं मराठ्यांची गोदी आणि पाण्याखालची भिंत अभ्यासली आहे. कोकणाला हे काम नवं नाही. आराखडा कागदावर असेतो जेट्टी चार हात सरकवता येते. पायाचे खांब (पाइल) ठोकल्यावर कोण सरकवतंय!

रोजगार, मासेमारी, हे प्रश्न आहेतच.

(जनसुनावणीचा मांडव)

मोठ्या बंदराला पर्यावरण परवानगी लागते, त्याआधी जनसुनावणी. अहवालाचा सारांश मराठीत मिळतो. खाडीच्या तळाचा पुरातत्त्व सर्व्हे त्यात आहे का, हे इथे विचारता येतं. तोंडी नको, लेखी द्या आणि पोच घ्या.