पुसलेल्या टेप, उरलेली चित्रं: जुन्या ब्रिटिश टीव्हीसोबत एक संध्याकाळ

नमस्कार मंडळी!

गेल्या शनिवारी मी एक बेत आखला होता. संध्याकाळी सातला घरातले दिवे मालवायचे, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि मध्यरात्रीपर्यंत फक्त जुना ब्रिटिश टीव्ही बघायचा. १९५३ पासून १९७२ पर्यंतची नाटकं आणि विज्ञानकथा, लागल्या क्रमाने. बघून संपलं तेव्हा झोप पार उडाली होती. जे बघितलं त्याने तर भारावलोच, पण त्याच्या आगेमागे जे कायमचं नाहीसं झालंय ते डोक्यातून जाईना. म्हणून आजचा व्हिडिओ.

सुरुवात 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट'पासून. बीबीसी, जुलै १९५३. सहा भाग, दर शनिवारी एक.

आधी काळ लक्षात घ्या. स्पुटनिकला अजून चार वर्षं आहेत, गागारिनला आठ. माणूस अंतराळात गेल्यावर त्याचं काय होईल, हे जगात कुणालाच माहीत नाही. आणि नायजेल नील नावाचा तिशीतला लेखक गोष्ट लिहितो, की ब्रिटनने तीन माणसं घेऊन एक रॉकेट सोडलं, त्याचा संपर्क तुटला, ते भरकटलं आणि शेवटी परत येऊन जमिनीवर आदळलं. दार उघडलं तर आत एकच माणूस. बाकी दोघांचे अंतराळपोशाख तिथेच आहेत. दार आतून बंदच होतं, पोशाखांना धक्काही लागलेला नाही, पण आत कुणी नाही.

हा प्रसंग बघताना आजही पोटात गोळा येतो. दाखवलेलं काहीच नाही, नुसते रिकामे पोशाख आहेत. बाकीचं आपलं मन करतं.

आता हे बनवलं कसं, ते ऐका. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधला बीबीसीचा मूळचा स्टुडिओ. कॅमेरे १९३६ सालचे, म्हणजे तेव्हाच सतरा वर्षं वापरलेले. आणि सगळं थेट प्रक्षेपण. आठवडाभर तालमी करायच्या, आणि शनिवारी रात्री नट बोलतायत त्याच क्षणी ते देशभरच्या घरांत दिसतंय. रंगभूमीसारखंच, फक्त प्रेक्षक समोर नाहीत. नट एक प्रवेश संपवून कॅमेऱ्याच्या केबली ओलांडत दुसऱ्या सेटवर धावणार, कपडे वाटेत बदलणार. चुकलं तर चुकलं. दिग्दर्शक होते रुडॉल्फ कार्टियर, व्हिएन्नाचे, नाझींमुळे देश सोडून आलेले. त्यांना घरगुती बैठकीच्या खोलीतली नाटकं टीव्हीवर करायचा मनापासून कंटाळा होता. त्यांना पडद्यावर भव्य काहीतरी हवं होतं.

आणि शेवट बघा. वाचलेला अंतराळवीर हळूहळू माणूस राहात नाही, वनस्पतीसारखं काहीतरी होत जातो. शेवटच्या भागात तो पसरत पसरत वेस्टमिन्स्टर ॲबीत, म्हणजे लंडनच्या त्या जुन्या मोठ्या चर्चमध्ये, पोचतो. आता हीच ती ॲबी, जिथे २ जून १९५३ ला राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला होता. तो सोहळा बघता यावा म्हणून असंख्य ब्रिटिश घरांनी पहिल्यांदा टीव्ही विकत घेतला होता. शेवटचा भाग दाखवला २२ ऑगस्टला. म्हणजे अकराच आठवड्यांपूर्वी ज्या पडद्यावर राणीला मुकुट चढताना बघितला, त्याच पडद्यावर, त्याच वास्तूत, भिंतीला चिकटलेलं हे. त्या लोकांना काय वाटलं असेल!

तो राक्षस कशाचा होता? ॲबीच्या आतल्या भागाचा एक मोठा फोटो, त्याला भोकं पाडली, आणि पानं-डहाळ्या लावलेले हातमोजे घालून खुद्द लेखकाने त्यातून हात बाहेर काढून हलवले. हातमोजे तयार करायला मदतीला होती ज्युडिथ कर, त्याची होणारी बायको. तीही लहानपणी जर्मनीतून पळून आलेली, आणि पुढे मुलांच्या चित्रपुस्तकांची फार मोठी लेखिका झालेली. मला या जोडीचं मनापासून कौतुक वाटतं. पैसे नाहीत, वेळ नाही, तर स्वतःचे हात आहेत की.

आणि हे रॉकेट सोडणारा शास्त्रज्ञ, गोष्टीचा नायक प्राध्यापक क्वाटरमास, त्या राक्षसाला मारतो कसा? बंदुकीने नाही. तो त्याच्यासमोर उभा राहतो आणि आत विरघळून गेलेल्या त्या तीन माणसांना साद घालतो. तुम्ही अजून माणसं आहात, याच्याशी आतून झगडा, म्हणतो. नाटकाच्या माणसाने लिहिलेला शेवट आहे हा.

पण हा शेवट मी बघितलेला नाही. तुम्हीही बघू शकणार नाही. कुणीच नाही.

कारण सहापैकी पहिले दोनच भाग उरले आहेत. त्या काळी थेट कार्यक्रम जपायचा एकच मार्ग होता, टेलिरेकॉर्डिंग. म्हणजे टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावायचा आणि पडद्याचंच चित्रण करायचं. दुसऱ्या भागाच्या वेळी एक किडा त्या पडद्यावर येऊन बसला, आणि तो फिल्मवर कायमचा राहिला. अजून दिसतो. चित्राचा दर्जा पसंत पडला नाही, म्हणून पुढचे चार भाग टिपलेच नाहीत. शनिवारी रात्री दाखवले आणि हवेत गेले.

[पडद्यावर: १२ डिसेंबर १९५४]

पुढच्या वर्षी याच जोडीने, नील आणि कार्टियर यांनी, जॉर्ज ऑरवेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर' या कादंबरीचं नाटक केलं. पीटर कुशिंग प्रमुख भूमिकेत. रविवारी दाखवलं तर देशात खळबळ. छळाचे प्रसंग बघून लोकांनी तक्रारी केल्या, पार्लमेंटमध्ये निषेधाचे ठराव मांडले गेले. आणि गुरुवारी ते पुन्हा दाखवायचं होतं. पण 'पुन्हा दाखवणं' म्हणजे काय? रेकॉर्डिंग लावणं नव्हे. सगळे नट परत आले आणि अख्खं नाटक पहिल्यापासून पुन्हा केलं. आज आपल्याकडे जे आहे ते या गुरुवारचं. रविवारचं गेलं.

थेट प्रक्षेपणाची एक हकीकत सांगायलाच हवी, जरा जड आहे. नोव्हेंबर १९५८, बीबीसीच्या स्पर्धेतला आयटीव्ही, 'आर्मचेअर थिएटर' नावाची नाटकमाला. त्या रात्रीचं नाटक 'अंडरग्राउंड': अणुयुद्धानंतर लंडनच्या भुयारी रेल्वेत अडकलेली माणसं. प्रक्षेपण चालू असताना, दोन प्रवेशांच्या मध्ये, गॅरेथ जोन्स हा तरुण नट कोसळला आणि गेला. बाकीच्यांनी संवाद आयत्या वेळी आपसांत वाटून घेतले आणि नाटक शेवटपर्यंत नेलं. आपल्या रंगभूमीवर वाढलेल्या कुणालाही त्यातली घालमेल वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. त्या प्रयोगाचंही चित्रण उरलेलं नाही.

आता येतो तो कार्यक्रम, ज्यासाठी खरं तर मी ही संध्याकाळ आखली. 'ए फॉर अँड्रोमेडा', बीबीसी, ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६१, सात भाग. अँड्रोमेडा म्हणजे आपण ज्याला देवयानी तारकासमूह म्हणतो तो. गोष्ट अशी, की एका नव्या रेडिओ दुर्बिणीवर देवयानीच्या दिशेने संदेश येतो. तरुण शास्त्रज्ञाच्या लक्षात येतं, की हा नमस्कार-चमत्कार नाही, ही कृती आहे. एक संगणक कसा बांधायचा त्याची. सरकार तो बांधतं. मग तो संगणक सांगतो, की आता जिवंत पेशी अशा बनवा. आणि शेवटी तो एक मुलगी घडवतो. ही भूमिका केली ज्युली ख्रिस्तीने, तेव्हा ती नाट्यशाळेतून नुकतीच बाहेर पडत होती.

कल्पना किती पुढची आहे बघा. ताऱ्यांमधली अंतरं इतकी अफाट, की यानात बसून कुणी येणार नाही. पण रेडिओलहरी येतील. मग स्वतः कशाला यायचं? माहिती पाठवा, समोरचेच तुम्हाला घडवतील. उडत्या तबकड्यांच्या त्या काळात असा विचार खगोलशास्त्रज्ञालाच सुचणार, आणि ज्याला सुचला तो तसाच होता: फ्रेड हॉईल. जॉन एलियट या टीव्हीलेखकाबरोबर त्यांनी ही मालिका लिहिली. 'बिग बँग' हा शब्दही हॉईल यांचाच, १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर बोलताना वापरलेला, आणि तो सिद्धांत त्यांना स्वतःला मान्य नव्हता.

हॉईल हे नाव मराठी माणसाने ऐकलेलं असतंच. ते आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू. कोल्हापुरात जन्मलेले नारळीकर १९५७ मध्ये केंब्रिजला गेले आणि १९६३ मध्ये हॉईल यांच्या हाताखाली पीएचडी झाले. म्हणजे १९६१ मध्ये ही मालिका इंग्लंडभर गाजत होती तेव्हा नारळीकर तिच्या लेखकाचे संशोधक विद्यार्थी होते. ज्याच्याकडे गुरुत्वाकर्षणाची समीकरणं घेऊन जायचं, तोच माणूस टीव्हीसाठी विज्ञानकथा लिहितो आणि त्याला त्यात काही कमीपणा वाटत नाही, हे त्यांनी जवळून बघितलं. पुढे १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी पहिली मराठी विज्ञानकथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. आद्याक्षरं उलटी वाचून बघा. मराठी विज्ञानकथा वाचत मोठ्या झालेल्या माझ्यासारख्याला ही मालिका परकी वाटत नाही, ती आजोळाकडची वाटते.

आणि तिचं काय झालं? सातांपैकी एकच अख्खा भाग आहे, सहावा. वर्षानुवर्षांनी एका खासगी संग्राहकाकडे मिळाला. बाकी तुकडे, आणि फोटो. हे फोटो जॉन क्युरा नावाच्या माणसाचे. त्याचा धंदाच हा: घरी टीव्हीसमोर कॅमेरा लावून चालू कार्यक्रमाचे फोटो काढायचे आणि नटांना, दिग्दर्शकांना विकायचे. कारण स्वतःचं काम बघायची दुसरी सोयच त्यांना नव्हती.

हे असं का केलं, असा राग येतो. मलाही येतो. पण कारणं समजून घेऊ. व्हिडिओटेप आली, पण ती अतिशय महाग, आणि तिचा मोठा गुण म्हणजे पुसून पुन्हा वापरता येते. नटांच्या संघटनेशी करार होते, त्यामुळे पुनःप्रक्षेपणावर बंधनं. घरी बसून जुना कार्यक्रम विकत घेऊन बघणं ही कल्पनाच नव्हती. शिवाय रंगीत टीव्ही आल्यावर कृष्णधवल कोण बघणार? प्रत्येकाच्या टेबलावरून बघितलं तर निर्णय बरोबर, आणि असे निर्णय घेत घेत सत्तरीच्या दशकाअखेरपर्यंत टेपा पुसल्या गेल्या.

'डॉक्टर हू' ही बीबीसीची विज्ञानकथा-मालिकाही याचाच बळी. २३ नोव्हेंबर १९६३, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी पहिला भाग लागला. निर्माती व्हेरिटी लँबर्ट, सत्तावीस वर्षांची. दिग्दर्शक वारिस हुसेन, चोवीस वर्षांचा, जन्म लखनौचा, लेखिका अतिया हुसेन यांचा मुलगा. तो पहिला भाग शाबूत आहे. धुक्यातलं भंगाराचं आवार, तिथे उभी निळी पोलीसपेटी, म्हणजे पोलिसांना फोन करायची खोकी, आणि ते सुरुवातीचं संगीत! रॉन ग्रेनरची चाल, पण ती ऐकू येण्याजोगी केली डेलिया डर्बिशायरने. सिंथेसायझर नव्हता. तारेचा एकेक झंकार, ऑसिलेटरचा, म्हणजे विजेवर सूर काढणाऱ्या यंत्राचा, एकेक सूर टेपवर घ्यायचा, कमीजास्त वेगाने वाजवायचा, मग टेप ब्लेडने कापून हाताने जोडायची. पडद्यावर तिचं नाव यायला २०१३ उजाडलं.

पण याच वारिस हुसेनने लगेच पुढे केलेली मार्को पोलोची कथा, सात भागांची, तिचा एकही भाग उरलेला नाही. साठच्या दशकातले या मालिकेचे नव्वदहून जास्त भाग असेच गेले. जे परत मिळाले ते कुठून? परदेशी वाहिन्यांना फिल्मच्या प्रती विकल्या जायच्या, एका देशाने दाखवून झालं की दुसऱ्याकडे रवाना. अशाच नऊ हरवलेल्या भागांच्या फिल्म नायजेरियातल्या जोस शहरात, टीव्ही केंद्राच्या भांडारात धूळ खात सापडल्या आणि २०१३ मध्ये जगासमोर आल्या.

आणि चित्र नसलं तरी आवाज मात्र प्रत्येक भागाचा आहे. कारण त्या काळी काही मुलं शनिवारी संध्याकाळी घरच्या टेपरेकॉर्डरचा मायक्रोफोन टीव्हीच्या स्पीकरपाशी धरून बसायची. संस्थेला जे जपावंसं वाटलं नाही, ते या पोरांनी जपलं.

रात्रीचे साडेदहा. शेवटी लावलं 'द स्टोन टेप'. पुन्हा नायजेल नील, २५ डिसेंबर १९७२, बीबीसी टू. आपलं मुंबई दूरदर्शन तेव्हा जेमतेम तीन महिन्यांचं होतं. एका जुन्या वाड्यात इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचे संशोधक येतात. त्यांना टेपपेक्षा चांगलं काहीतरी शोधायचंय, आवाज आणि चित्रं साठवायला. वाड्यातल्या एका खोलीत जिन्यावरून पडून मेलेल्या मोलकरणीची किंकाळी ऐकू येते. आणि त्यांना वाटतं, हे भूत नाही, रेकॉर्डिंग आहे. दगडानेच ते धरून ठेवलंय. मग ते खोलीत यंत्रं लावतात, आवाज सोडतात, दगडाकडून ते पुन्हा वाजवून घ्यायला बघतात. आणि त्या धडपडीत ते पुसलं जातं.

ज्या बीबीसीत टेपा पुसल्या जात होत्या, तिथेच बसून नील यांनी हे लिहिलं. आता संशोधकांना वाटतं, दगड कोरा झाला. जेन ॲशरने केलेली जिल मात्र एकटीच त्या खोलीत परत जाते, कारण तिच्या लक्षात आलंय, की वरचं पुसलं गेलं, पण त्याच्या खाली त्याहून जुनं काहीतरी आहे.

तिला तिथे काय दिसतं ते मी सांगत नाही. हे नाटक पूर्ण उरलंय, बघा.