तळेगावला न आलेला कारखाना

(दृश्य : तळेगाव एमआयडीसी, सकाळ. कंपन्यांच्या बस वळताना.)

रात्रपाळी सुटतेय, पहिली पाळी आत जातेय. वडापावच्या गाडीभोवती निळे, राखाडी, खाकी युनिफॉर्म. कुणी उभ्याउभ्या चहा ढोसतोय, कुणी बस चुकेल म्हणून पाव हातात घेऊनच पळतोय. मागे धुक्यातून मावळातले डोंगर जेमतेम दिसतायत.

या तळेगावावरून सप्टेंबर 2022 मध्ये महाराष्ट्रात रान पेटलं होतं. 13 सप्टेंबरला वेदांता आणि तैवानची फॉक्सकॉन या कंपन्यांनी गुजरात सरकारशी सामंजस्य करार केला. 1 लाख 54 हजार कोटींची गुंतवणूक, एक लाख रोजगार, आणि या देशात चिप बनणार. याच प्रकल्पासाठी त्याआधी तळेगावच्या जागेची बोलणी चालली होती. झालं! 'गुजरातनं प्रकल्प पळवला.' आदित्य ठाकरे यांनी नव्या सरकारला धारेवर धरलं. अडीच महिन्यांपूर्वी सत्तेवर आलेल्या शिंदे सरकारनं आधीच्या सरकारकडे बोट दाखवलं. आंदोलनं झाली, घोषणा झाल्या, मीम तर विचारू नका.

'पळवला' हा शब्द जरा थांबून पाहू. पळवायला आधी काहीतरी हातात असावं लागतं. तळेगावात तेव्हा काय होतं? जमिनीचा नकाशा आणि सवलतींचा प्रस्ताव. पाया नाही, वीट नाही.

(दृश्य : मोकळी जमीन, वाळलेलं गवत, दूरवर एमआयडीसीची पाटी.)

आणि गुजरातला तरी काय मिळालं? 10 जुलै 2023 ला फॉक्सकॉननं वेदांताबरोबरच्या भागीदारीतून अंग काढून घेतलं. करार होऊन पुरते दहा महिनेही झाले नव्हते. जो कारखाना महाराष्ट्रातून 'गेला', तो गुजरातलाही पोहोचला नाही.

यात आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. वेदांताचा धंदा खाणी, धातू आणि तेलाचा. फॉक्सकॉनची ख्याती फोन जुळवण्यात. मोबाइलचे सुटे भाग जोडणं वेगळं आणि सिलिकॉनच्या चकतीवर केसाच्या हजारो पट बारीक रेघा कोरून चिप घडवणं वेगळं. ती विद्या दोघांनाही तिसऱ्या कुणाकडून आणायची होती. केंद्र सरकारनं डिसेंबर 2021 मध्ये 76 हजार कोटींची योजना काढली होती. कारखान्याचा निम्म्यापर्यंतचा खर्च सरकार उचलणार होतं. पैसा होता, जागाही होती. विद्याच नव्हती.

फॉक्सकॉनची पत्रिका महाराष्ट्राला नवी होती असंही नाही. ऑगस्ट 2015 मध्ये देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री असताना याच कंपनीनं राज्यात 5 अब्ज डॉलर गुंतवण्याचा करार केला होता. फोटो निघाले, पहिल्या पानावर बातम्या आल्या. तो कारखाना कधी उभाच राहिला नाही. 2020 मध्ये तेव्हाचे उद्योगमंत्री सुभाष देसाई यांनी तो विषय संपल्याचं सांगून टाकलं. पण फक्त आपल्यालाच फसल्यासारखं वाटायला नको. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात फॉक्सकॉननं 10 अब्ज डॉलर आणि 13 हजार नोकऱ्या कबूल केल्या होत्या. 2018 मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रम्प सोनेरी फावडं घेऊन कुदळ मारायला गेले. 2021 मध्ये नवा करार झाला तेव्हा आकडा 67 कोटी डॉलरच्या आसपास आला होता आणि नोकऱ्या दीड हजारांच्या आत.

गुजरातचं एक मात्र मान्य करायला हवं. जुलै 2022 मध्येच त्यांनी चिप उद्योगासाठी वेगळं धोरण काढलं. जमीन, पाणी, वीज, अनुदान, सगळं कागदावर मांडून ठेवलं. त्यामुळे वेदांता-फॉक्सकॉन फिसकटलं तरी दार उघडंच राहिलं. ते फिसकटण्याच्या आधीच, जून 2023 मध्ये, अमेरिकेच्या मायक्रॉन या चिप कंपनीनं साणंदच्या कारखान्याची घोषणा केली होती. फेब्रुवारी 2024 मध्ये धोलेऱ्याच्या टाटांच्या 91 हजार कोटींच्या कारखान्याला केंद्रानं मंजुरी दिली आणि त्यात विद्या देणारा भागीदार होता, तैवानची पीएसएमसी. आपल्याकडे मात्र तोवर कुणाच्या काळात काय गेलं याचाच हिशेब चालू होता.

(दृश्य : मोठ्या वाहन कारखान्याचं फाटक. कॅमेरा कुंपणाच्या कडेनं हळू सरकतो.)

आता या फाटकाशी थोडं थांबू. खरी गोष्ट इथली आहे.

जनरल मोटर्सनं 2008 मध्ये इथं गाड्या बनवायला सुरुवात केली. शेव्हरोले बीट आठवते? ती इथलीच. मावळातल्या, खेडमधल्या, पार मराठवाड्यातून आलेल्या आयटीआयच्या पोरांना या कंपनीचं ओळखपत्र गळ्यात असणं म्हणजे लग्नाच्या बाजारात पत होती. 2017 मध्ये कंपनीनं जाहीर केलं की भारतात गाड्या विकणं बंद. तळेगावातून फक्त निर्यात होत राहिली. डिसेंबर 2020 मध्ये तीही थांबली.

त्याआधी कारखान्याला गिऱ्हाईक ठरलं होतं, चीनची वाहन कंपनी ग्रेट वॉल मोटर्स. राज्य सरकारनं तिच्याशी 3,770 कोटींचा करार केला, तारीख 15 जून 2020. त्याच रात्री गलवानच्या खोऱ्यात भारतीय आणि चिनी सैनिक भिडले. आपले 20 जवान शहीद झाले. चिनी गुंतवणुकीवर बंधनं आधीच घातली गेली होती, आता ती सैल होण्याची आशाच उरली नाही. दोन वर्षं वाट पाहून जून 2022 अखेर हा सौदा मोडला. लडाखमधली चकमक आणि तळेगावातल्या फिटरचा पगार यांचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर हे उत्तर.

(शांतता. फक्त रस्त्यावरच्या ट्रकचा आवाज.)

या काळात हजारावर कायम कामगार रस्त्यावर होते. संघटना कोर्टात लढत होती, कारखाना बंद करण्याच्या परवानगीवरून वाद चालले होते. कुणी रिक्षा चालवली, कुणी कंत्राटावर अर्ध्या पगारात लागला. नीट ध्यानात घ्या, हा तोच सप्टेंबर 2022 आहे. न बांधलेल्या कारखान्यातल्या एक लाख नोकऱ्यांसाठी अख्खा महाराष्ट्र तावातावानं भांडत होता. त्याच तळेगावात, बांधून उभ्या असलेल्या कारखान्यातल्या नोकऱ्या गेलेली माणसं तारखांना हजर राहत होती. त्यांचं नाव त्या भांडणात क्वचितच ऐकू आलं. मला तरी टीव्हीवरची अशी एक चर्चा आठवत नाही.

ऑगस्ट 2023 मध्ये ह्युंदाईनं हा कारखाना घेण्याचा करार केला. हा करार मात्र पुरा झाला. 2025 मध्ये या फाटकातून पुन्हा नव्या गाड्या बाहेर पडायला लागल्या. जुन्या कामगारांनी नव्या मालकानं आपल्याला सामावून घ्यावं म्हणून उपोषण करून पाहिलं. यंत्रं आणि जमीन विकत घेतली, माणसं नाहीत, असं त्याचं उत्तर होतं.

(दृश्य : तळेगाव दाभाडे गावठाण. जुनी कौलारू घरं, तळं.)

एमआयडीसीतून गावात आलो की एक जुनं नाव ऐकू येतं, पैसा फंड. अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी गावोगाव हिंडून माणशी एक एक पैसा गोळा केला, देशी उद्योग उभारायला. लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलं. त्या पैशांतून 1908 मध्ये तळेगावात काचेचा कारखाना निघाला. भांडवल उभं करण्याच्या आजच्या भाषेत त्याला काय म्हणतील ते म्हणोत. तिथं धंद्याआधी शाळा होती. पोरं काच फुंकायला शिकली आणि देशभरातल्या कारखान्यांत गेली.

काच वाळूपासून होते. चिपसाठी लागणारं सिलिकॉनही त्याच घराण्यातल्या गारेतून निघतं. तळेगावला हा धंदा अगदीच अनोळखी नव्हता म्हणायचा.

(दृश्य : पुन्हा फाटा. दुपारची पाळी.)

जानेवारी 2025 मध्ये दावोसला महाराष्ट्रानं 15 लाख कोटींहून अधिक रकमेचे सामंजस्य करार केले. त्यातले किती कारखाने होतील, ते पुढच्या काही वर्षांत या फाट्यावर वळणाऱ्या बस मोजून कळेल. दुपारची पाळी आत चालली आहे. एका बसवर कंपनीचं नाव रंगवून झाकलंय, खालची जुनी अक्षरं अजून पुसट दिसतात.