पाचर : टीआर ७ या नावडत्या गाडीच्या रूपाविषयी

[दृश्य : दसरा चौक, संध्याकाळ.]

कोल्हापुरात जुन्या गाडीचा विषय निघाला की पहिले नाव येते ते छत्रपतींच्या मेबॅकचे. विजयादशमीच्या सोहळ्यासाठी ती गाडी दसरा चौकात येते, तेव्हा लहान मुलांना खांद्यावर घेऊन उभे असलेले लोक सोने लुटण्याआधी तिलाच डोळे भरून पाहून घेतात. वर्षानुवर्षे ती पाहिल्यामुळे जुनी गाडी कशी असावी याची एक मूर्ती इथल्या मनात पक्की बसली आहे. बॉनेट लांब असावे, मडगार्ड वेगळे उठून दिसावेत आणि गाडी रस्त्याने जाताना जणू पालखीच निघाली आहे असे वाटावे.

अशा नजरेच्या गावात आम्ही एक अगदी उलट्या स्वभावाची गाडी घेऊन निघालो. खरी गाडी नव्हे. अठरापट लहान, पिवळ्या रंगाची, वीतभर लांबीची प्रतिकृती आणि सोबत छायाचित्रांचे एक पाकीट. गाडीचे नाव ट्रायम्फ टीआर ७. ट्रायम्फ हे नाव लावून गाड्या विकणाऱ्या ब्रिटिश लेलँड या कंपनीने १९७५ च्या जानेवारीत ती अमेरिकेत विक्रीस आणली आणि मायदेशी, म्हणजे ब्रिटनमध्ये, १९७६ च्या मे महिन्यात. तिच्या जाहिरातीत येणाऱ्या काळाचा आकार असाच असेल, असे ठासून सांगितले होते. प्रत्यक्षात तो काळ आला आणि गेला, पण टीआर ७ चे नाव मात्र कुरूप गाड्यांच्या गप्पांत आजही हटकून निघते. ट्रायम्फच्या चाहत्यांच्या बैठकीतही पंक्तीला सर्वांत शेवटी बसवावा असा हा पाहुणा आहे.

[दृश्य : प्रतिकृतीचे जवळून चित्रण. कॅमेरा नाकापासून शेपटीकडे सरकतो.]

आधी तिचे रूप नीट पाहू. गाडीचे नाक जमिनीकडे झुकलेले आहे आणि तिथून मागे जाताना सगळा देह चढत जातो. इंग्रजीत या ठेवणीला वेज म्हणतात. आपल्याकडे सुताराच्या पेटीत जी पाचर असते, तोच हा आकार. दिवे बॉनेटमध्ये दडलेले असून बटण दाबल्यावर वर येतात. पुढे-मागे काळे, जाड बंपर आहेत, कारण हळू वेगाच्या धडकेत गाडीची हानी होऊ नये असा नियम अमेरिकेत तेव्हा लागू झाला होता. आणि कडेला आहे ती प्रसिद्ध रेघ. मागच्या चाकावरच्या खांद्यापासून ती निघते, दारावरून वळण घेत खाली उतरते आणि पुढच्या चाकाच्या मागे, तळाशी जाऊन विरते. गाडीवर झालेली निम्मी टीका या एका रेघेवर झालेली आहे.

या रेघेचा एक किस्सा मोटारींच्या जगात पुन्हा पुन्हा सांगितला जातो. इटलीचे विख्यात आरेखक जॉर्जेटो जुजारो जिनिव्हाच्या प्रदर्शनात या गाडीपाशी थांबले, एका बाजूने तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले, मग वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले आणि म्हणाले, अरे देवा, यांनी तर इकडेही तेच केले आहे. किस्सा खरा की रचलेला, हा वाद बाजूला ठेवू. इतकी वर्षे तो टिकून राहिला, यावरूनच गाडीकडे लोक कोणत्या नजरेने पाहत आले ते कळते.

ही रेघ ओढणारा माणूस म्हणजे हॅरिस मान. ऑस्टिन अलेग्रो आणि प्रिन्सेस या ब्रिटिश लेलँडच्या गाड्यांचे आरेखनही त्यांचेच. अलेग्रोच्या बाबतीत त्यांचे मूळ रेखाचित्र सडपातळ होते, पण उंच इंजिन आणि मोठा हीटर आत बसवता बसवता गाडी फुगली. कागदावरची गाडी आणि कारखान्यातून निघालेली गाडी यांतले हे अंतर मान यांच्या कारकिर्दीला जणू चिकटूनच राहिले. टीआर ७ मध्ये मात्र इंजिनाने साथ दिली. १९९८ सीसीचे चार सिलिंडरचे हे इंजिन ४५ अंशांत कलते बसवलेले होते, त्यामुळे बॉनेट खाली ठेवता आले. याच घराण्याचे इंजिन स्वीडनच्या साब ९९ मध्येही होते. म्हणजे पाचरीचा तो उतार नुसता दिखावा नव्हता, आतल्या यंत्राशी त्याचा मेळ होता.

[दृश्य : शिवाजी उद्यमनगर. भट्टीचा उजेड, वाळूचे साचे.]

पहिले मत आम्ही उद्यमनगरातल्या एका पॅटर्नमेकरकडे मागितले. ओतकामासाठी लाकडी नमुना घडवताना त्याच्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो, नाहीतर नमुना बाहेर काढताना वाळू मोडते. या उताराला इथे ड्राफ्ट म्हणतात. चाळीस वर्षे उतार मोजत आलेल्या त्या हातांनी प्रतिकृती उलटीसुलटी करून पाहिली आणि निकाल दिला : "वाळूतनं झक्कास सुटंल ही." आकाराच्या सौंदर्याबद्दल विचारले तेव्हा त्यांनी खांदे उडवले. त्यांच्या लेखी सुटणारा आकार हाच चांगला आकार. कलासमीक्षेची ही एक संपूर्ण शाखा आहे आणि तिची दखल कोणी घेत नाही, एवढेच.

दुसरे मत मात्र बोचरे निघाले. ज्यांच्याकडे पूर्वी स्टँडर्ड हेरल्ड होती अशा एका निवृत्त शिक्षकांना आम्ही भेटलो. हेरल्ड मद्रासला स्टँडर्ड मोटर कंपनीत १९६१ पासून तयार होऊ लागली. मूळची ती ट्रायम्फचीच, इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी रेखलेली. मडगार्डसकट सगळे बॉनेट पुढच्या बाजूला उलटते आणि इंजिन दोन्ही कुशींनी मोकळे होते, ही तिची खोड आजही जुन्या मेकॅनिकांच्या तोंडी आहे. म्हणजे टीआर ७ ही नात्याने या हेरल्डची धाकटी भाऊबंद. सरांनी छायाचित्र चष्म्याजवळ धरले आणि म्हणाले, "बाळ, हिची नाकीडोळी आमच्या घरातली नाहीत."

सरांच्या या एका वाक्यात टीआर ७ वरच्या नाराजीचे मोठे कारण सामावलेले आहे. टीआर ७ च्या आधी याच मालिकेत आलेली टीआर ४ मिकेलोत्तींची होती. १९६९ ची टीआर ६ जर्मनीच्या कारमन कंपनीने तिच्याच सांगाड्यावर नवे कपडे चढवून उभी केली. तिला वरून उघडी बैठक, सहा सिलिंडरचे अडीच लिटर इंजिन आणि मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन होते. तिच्यानंतर आलेल्या टीआर ७ ला चारच सिलिंडर, मागे साधा अखंड आस आणि डोक्यावर कायमचे छत. ज्याने टीआर ६ चालवली होती, तो शोरूममध्ये गेला तेव्हा त्याला समोर रूप दिसण्याआधी उणीव दिसली. थोरल्या मुलीला पाहून आलेल्या मंडळींसमोर धाकटीला बसवावे, तसा हा प्रकार झाला.

छताची कथाही सांगितली पाहिजे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गाडी उलटल्यावर प्रवासी सुरक्षित राहावेत यासाठीच्या नियमांची चर्चा होती आणि उघड्या गाड्यांवर बंदीच येणार, असे अनेक कंपन्यांनी गृहीत धरले. ब्रिटिश लेलँडचा सगळा डोळा अमेरिकेच्या बाजारावर, म्हणून टीआर ७ बंद छताचीच आखली गेली. बंदी काही आली नाही, छत मात्र राहिले.

[दृश्य : रंकाळ्याच्या काठावर बसलेली कलाशाखेची विद्यार्थिनी. तिच्या मांडीवर स्केचबुक.]

तिसरे मत रंकाळ्याच्या काठावर मिळाले, आणि माझे स्वतःचे मत तिथेच बदलले. चित्रकलेचे शिक्षण घेणाऱ्या एका मुलीच्या हातात आम्ही कडेने काढलेले छायाचित्र दिले. रेघ कशी वाटते, असे मी विचारले. ती रेघेकडे पाहिनाच. तिने अंगठ्याने गाडीचे छत झाकले आणि म्हणाली, "आता बघा." मी पाहिले. झुकलेले नाक, चढता खांदा, त्याला तोलून धरणारी ती वळणदार रेघ, सगळे एकाएकी एकमेकांशी बोलू लागले. अंगठा उचलला की पुन्हा तीच ठेंगणी, डोक्यावर पेटी ठेवल्यासारखी गाडी.

दोष कुठे आहे ते यावरून उमगते. पाचरीचा आकार मोटारींच्या जगात गाजला तो इटलीच्या बर्टोने कंपनीतील मार्चेल्लो गांदिनी यांच्या काराबो या १९६८ च्या गाडीने. तिची उंची एक मीटरही नव्हती, आणि तिचे इंजिन प्रवाशांच्या मागे होते. इंजिन मागे गेले की माणसे पुढे सरकतात, काच नाकाच्या उतारात मिसळते आणि टोकापासून छतापर्यंत एकच सलग चढ तयार होतो. टीआर ७ चे इंजिन पुढे होते. माणसे मागे बसली, त्यांची डोकी मावण्यासाठी छत उंच गेले, आणि पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर अवघे ८५ इंच, म्हणजे सव्वादोन मीटरहूनही कमी. त्यातच मागची काच जवळजवळ उभी आणि तिच्या दोन्ही अंगांना जाड खांब. गाडीची एकूण उंची सव्वा मीटरच्या आसपास आहे, म्हणजे ती खरोखर उंच नाही. पण लांबी पुरेशी नसल्याने उंच भासते. पाचर लांब असेल तर पाचर दिसते, आखूड केली की ठोकळा दिसतो.

कंपनीलाही हे उशिरा का होईना कळले. १९७९ मध्ये अमेरिकेत आणि १९८० मध्ये ब्रिटनमध्ये उघड्या छताची टीआर ७ आली. रेघ तीच, नाक तेच, पण गाडी देखणी. तिच्याकडे पाहून रेघेला शिव्या देणाऱ्यांनी आपला हिशेब पुन्हा तपासायला हवा होता, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

परंतु तोवर फार उशीर झाला होता, आणि तो केवळ रूपाचा प्रश्न उरला नव्हता. सुरुवातीची गाडी लिव्हरपूलजवळच्या स्पीक येथील कारखान्यात बनत होती. तिथे १९७७ च्या अखेरीस मोठा संप झाला आणि १९७८ मध्ये कारखानाच बंद पडला. उत्पादन कॉव्हेंट्रीजवळच्या कॅनली येथे गेले, मग १९८० मध्ये सॉलिहल येथे, आणि १९८१ च्या ऑक्टोबरमध्ये सगळेच थांबले. घरे बदलणाऱ्या भाडेकरूसारखी ही गाडी सहा-सात वर्षांत तीन कारखाने फिरली. इंजिन तापायचे, इंजिनाचे दोन भाग घट्ट मिटवून ठेवणारे हेड गॅस्केट जायचे, आणि वर येणाऱ्या दोन दिव्यांपैकी कधी कधी एकच वर येऊन गाडी रस्त्यावर डोळा मारायची. अशी गाडी मालकाला सुंदर दिसत नाही. रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या माणसाला विचारले, तर त्याच्या गाडीची प्रत्येक रेघ वाकडी असते. रूपावरच्या टीकेत हा राग किती मिसळला, ते वेगळे काढून दाखवणे अवघड आहे, पण तो मिसळला आहे यात शंका नाही.

आणि एवढे होऊनही टीआर ७ एक लाख दहा हजारांहून अधिक संख्येने बनली. टीआर मालिकेतली एकही गाडी इतकी खपलेली नाही, लाडकी टीआर ६ सुद्धा नाही. साडेतीन लिटरचे रोव्हरचे व्ही ८, म्हणजे आठ सिलिंडरचे, इंजिन बसवलेली टीआर ८ सुमारे २,७०० इतकीच निघाली. त्याच इंजिनाच्या टीआर ७ ने टोनी पाँड यांच्या हातून १९७८ आणि १९८० मध्ये बेल्जियमची इप्र रॅली जिंकली. रॅलीची छायाचित्रे पाहिली की जाणवते, रुंद केलेली मडगार्डे आणि चिखलाने माखलेला देह या आकाराला शोभतो. हातसलामीआधी वाकून पवित्रा घेतलेला पैलवान खासबागच्या मातीतच चांगला दिसतो, लग्नाच्या मांडवात नाही.

आतल्या बैठकीबद्दल फार बोलायला नको. ती ऐसपैस होती, टीआर ६ पेक्षा कितीतरी आरामाची. पुढे सीटवर लाल नाहीतर हिरव्या चौकड्यांचे कापड आले. ते छायाचित्र पाहून सरांच्या पत्नी म्हणाल्या, "अगंबाई, लुंगी अंथरली की काय!" त्यावर कुणालाही काही उत्तर सुचले नाही.

[दृश्य : गॅरेज. पत्र्यावर हातोड्याचा आवाज, मग शांतता.]

शेवटी आम्ही पुन्हा उद्यमनगरात आलो, डेंटिंगचे काम करणाऱ्या एका मेस्त्रींकडे. त्यांच्या हाताखालून असंख्य दारे गेलेली आहेत. सपाट पत्रा कमजोर असतो, त्याला मोड घातली की बळ येते, हे त्यांनी बोटाने टिचकी मारून दाखवले. सरळ रेघ दोरीने धरता येते, पण ही रेघ वळते, शिवाय दार आणि मडगार्ड यांच्या फटीवरून जाते. ठोकर बसली तर लांबी, म्हणजे पुटी, भरून ती पुन्हा जुळवायची म्हणजे दोन दिवसांचे काम. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यांनी अंगठ्याचे नख त्या इवल्याशा दारावरून खालपर्यंत फिरवले.

मग मी त्यांना जिनिव्हाचा किस्सा सांगितला. ते हसले नाहीत. त्यांनी गाडी फिरवली, दुसरी बाजू उजेडात धरली आणि तिथेही नख फिरवून पाहिले.

"दोन्हीकडं सारखीच हाय की," ते म्हणाले. "म्हणजे चुकून झाल्याली न्हाई."