आधी कोणता प्रश्न? मराठवाड्यातील खदानकामगार आणि संशोधनाचा अग्रक्रम

[दृश्य : काळ्या दगडाची उघडी खदान. ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर सुरू आहे.]

महाराष्ट्रात खाण म्हटले की चंद्रपूर-वणीचा कोळसा किंवा नागपूर-भंडाऱ्याचे मँगनीज डोळ्यांसमोर येते, आणि खाणकामगारांच्या आरोग्याचे संशोधनही साहजिकच त्याच बाजूला झुकलेले आहे. हे संशोधन करणारी नागपूरची राष्ट्रीय खाणकामगार आरोग्य संस्था 2019 मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत विलीन करण्याचा निर्णय झाला. मराठवाड्यात कोळशाची खाण नाही. येथे आहेत त्या काळ्या पाषाणाच्या खदानी, त्यांच्या शेजारची खडीकेंद्रे आणि मुरमाचे खड्डे. समृद्धी महामार्गापासून गावच्या शिवरस्त्यापर्यंत सर्वत्र पसरलेली खडी अशाच ठिकाणी फुटते. ती फोडणाऱ्या माणसांच्या आरोग्याविषयी संशोधन करायचे, तर त्याची सुरुवात कोठून करावी, हा या माहितीपटाचा विषय आहे.

[दृश्य : छिद्र पाडणारा कामगार, जवळून.]

हा कामगार दगडात सुरुंगासाठी छिद्र पाडतो आहे. दाबाखालची हवा छिद्राच्या तळातला भुगा वर फेकते आणि तो भुगा थेट त्याच्या चेहऱ्यावर येतो. भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या राखाडी झाल्या आहेत. तोंडाला बांधलेली दस्ती डोळ्यांना दिसणारी जाड धूळ अडवते. फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचणारे काही मायक्रॉनचे कण मात्र तिच्या विणीतून सहज पार होतात. दस्ती बांधली म्हणजे काळजी घेतली, हा समज मालकापासून मजुरापर्यंत सर्वांचा आहे आणि तो उपयोगाचा नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

या धुळीत नेमके काय आहे, हा आमच्या मते पहिल्या क्रमांकाचा प्रश्न आहे. सिलिकोसिसची, म्हणजे सिलिकेच्या धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराची, चर्चा देशात प्रामुख्याने राजस्थानच्या वालुकाश्माच्या खाणींवरून होते. वालुकाश्म मुख्यतः क्वार्ट्‌झचाच, म्हणजे स्फटिकी सिलिकेचाच, बनलेला असतो. दख्खनच्या बेसाल्टचे, म्हणजे येथल्या काळ्या पाषाणाचे, तसे नाही. रासायनिक पृथक्करणात त्यात सुमारे 50 टक्के सिलिका दिसत असली, तरी ती बहुतांशी फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन या खनिजांत बांधलेली असते, आणि फुप्फुसाला घातक ठरणारी मुक्त स्फटिकी सिलिका मूळ दगडात थोडीच असते. मात्र याच दगडाच्या पोकळ्यांत आणि भेगांत गारगोटी, अकीक आणि झिओलाइट या खनिजांचे स्फटिक भरलेले असतात. छत्रपती संभाजीनगर आणि जालना परिसरातले हे स्फटिक जगभरचे संग्राहक विकत घेतात. खडीकेंद्राच्या जबड्यात मात्र ते दगडासोबत भरडले जातात. सगळे झिओलाइट घातक नसतात. परंतु एरिओनाइट या तंतुमय झिओलाइटमुळे तुर्कस्तानातील कप्पाडोकिया भागातल्या काही गावांत फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळला आहे, त्यामुळे आपल्या धुळीतही असे तंतू आहेत का, हे खदानवार तपासणे भाग आहे.

या तपासणीचा कायद्याशीही थेट संबंध आहे. श्वसनयोग्य, म्हणजे फुप्फुसात खोलवर जाणाऱ्या बारीक धुळीची मर्यादा ठरवताना खाणींसाठीच्या नियमांत 15 या आकड्याला मुक्त सिलिकेच्या टक्केवारीने भागले जाते. टक्केवारी 10 असेल तर मर्यादा घनमीटरला दीड मिलिग्रॅम होते आणि 30 असेल तर अर्धाच मिलिग्रॅम. म्हणजे ज्या खदानीची टक्केवारी मोजलेली नाही, तेथे मर्यादा पाळली की मोडली हे ठरवताच येत नाही. खडीकेंद्रांसाठी पर्यावरण नियमांत 600 मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, पण ती यंत्रापासून 3 ते 10 मीटर अंतरावर हवेत तरंगणाऱ्या एकूण धुळीसाठी आहे; मजुराच्या कॉलरला नमुनायंत्र लावून मोजलेल्या, त्याच्या श्वासातल्या धुळीसाठी नव्हे.

[दृश्य : खडीकेंद्रातला खडी वाहून नेणारा पट्टा, दूरवर गावात पाण्याचा टँकर.]

धूळ बसवण्याचा सर्वमान्य उपाय म्हणजे पाणी. छिद्र पाडताना पाणी सोडा, पट्ट्यावर फवारा, वाहतुकीच्या रस्त्यावर शिंपडा. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पिण्याचे पाणी टँकरने येते, तेव्हा खदानीवरचा फवारा आधी बंद होतो, आणि गावाची घागर रिकामी असताना तो चालू ठेवा असे कोणी म्हणूही शकत नाही. म्हणून कमी पाण्यात किंवा पाण्याशिवाय धूळ अडवणारी, लहान मालकाला परवडणारी व्यवस्था शोधणे हा येथील दुसरा अग्रक्रम असला पाहिजे. बंदिस्त पट्टा, धूळ ओढून पिशवीत धरणारे गाळण, अत्यंत बारीक तुषारांचे धुके हे पर्याय ज्ञात आहेत. येथल्या उन्हात, येथल्या विजेच्या पुरवठ्यावर ते किती दिवस टिकतात, याची चाचणी हवी. आवाज आणि कंपन यांचे प्रश्नही खरे आहेत, पण त्यांवरचे उपाय बऱ्याच अंशी माहीत असल्याने ते आम्ही मागच्या रांगेत ठेवतो.

अडचण आणखी एक आहे. 1952 च्या खाण अधिनियमातील (2025 मध्ये त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली) कलम 3 नुसार दगड-मुरमाची उघडी खाण 6 मीटरपेक्षा खोल नसेल, एका दिवशी 50 पेक्षा अधिक माणसे कामाला नसतील आणि स्फोटके वापरली जात नसतील, तर अधिनियमाच्या बहुतेक तरतुदी तिला लागू होत नव्हत्या. यारी (दगड-माती वर ओढणारे यंत्र) लावून विहीर खोदणारे, 60 फुटांवर सुरुंग लावून त्याच्या धुरात पुन्हा खाली उतरणारे मजूर तर खाणकामगार म्हणून मोजलेच जात नाहीत. काम तेच, दगड तोच, आणि वर येण्याची वाट एकच. अभ्यासाची व्याख्या कायद्यापेक्षा रुंद ठेवली नाही, तर सर्वाधिक जोखमीची माणसे पहिल्याच पानावर वगळली जातील.

[दृश्य : शासकीय रुग्णालयातील क्ष-किरण विभाग.]

सिलिकोसिस बहुधा दहा-वीस वर्षांनी प्रकट होतो, आणि क्षयरोगाशी त्याचे साम्य असल्याने तसेच सिलिकेमुळे क्षयाचा धोकाही वाढत असल्याने, रुग्ण क्षयाच्या औषधांवरच राहतो. 1952 च्या अधिनियमाखालील नियमांप्रमाणे खाणकामगाराची तपासणी पाच वर्षांतून किमान एकदा व्हायला हवी होती. पण बीडचा मजूर हिवाळ्यात उसाच्या फडावर, उन्हाळ्यात एका जिल्ह्यातल्या खदानीवर आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याच खडीकेंद्रावर असतो. त्याची नोंद मालकाकडे ठेवून उपयोग नाही, ती त्याच्यासोबत फिरली पाहिजे. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी 2021 मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम क्रमांकाला ती जोडता येईल का, हाही संशोधनाचाच विषय आहे. अंबाजोगाई, नांदेड, लातूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत छातीची क्ष-किरण चित्रे धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या आजारांसाठीच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या वर्गीकरणानुसार वाचणारे डॉक्टर तयार करणे, हे त्याआधीचे काम आहे.

हा क्रम अखेर कोणी लावायचा? अमेरिकेत 1996 पासून व्यावसायिक आरोग्य संशोधनाचा राष्ट्रीय कार्यक्रम कामगार, मालक, डॉक्टर आणि अभियंते यांना एकत्र बसवून आखला जातो. आपल्याकडे तशी बैठक घ्यायची तर ती पावसाळ्यात घ्यावी, कारण तेव्हा खदानी मंदावलेल्या असतात आणि उसाला गेलेली माणसे गावी असतात. आणि बैठकीला येणाऱ्या मजुराला त्या दिवसाची पूर्ण हजेरी द्यावी.