मुसळ केरात

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या महिन्यात एका रविवारी मला एक बंब भेटला. तांब्याचा, माझ्या कमरेएवढा उंच, आणि चिंच लावून इतका लखलखीत घासलेला की त्यात माझं तोंड परातीएवढं दिसत होतं. पुण्यातच एका मैदानावर घरसजावटीचं प्रदर्शन लागलं होतं. मॉड्यूलर किचन, पडदे, गाद्या आणि 'मॅडम, दोन मिनिटं' म्हणणारे पाणी शुद्ध करायच्या यंत्रांचे विक्रेते, हे सगळं ओलांडून शेवटच्या रांगेत गेलं की 'व्हिंटेज आणि गार्डन' असा फलक दिसायचा. खरं सांगायचं तर मी तेवढ्यासाठीच तिकीट काढून आत गेले होते. बंब तिथंच उभा होता, आणि त्याच्या मधल्या नळकांड्यातून मनीप्लांटचा वेल खाली लोंबत होता.

स्टॉलवरच्या मुलाला विचारलं, "काय रे, हे काय आहे?"

"प्लांटर आहे मॅडम. अँटिक."

आता त्या पोराचं वय विशीचं. त्यानं बंब पेटलेला बघितला असण्याचं काही कारण नाही. तुमच्यातल्याही अनेकांनी बघितला नसेल, म्हणून सांगते. बंब म्हणजे भांड्याच्या पोटात भांडं. बाहेरच्या भागात पाणी, मधोमध आरपार नळकांडं, त्याच्या तळाशी लोखंडी जाळी. वरून नळकांड्यात करवंट्या, ढलप्या, शेंगांची टरफलं, हाताला लागेल ते टाकायचं आणि पेटवायचं. जाळीतून खालून हवा मिळते, राख खाली पडते, धूर सरळ वर जातो, आणि विस्तवाला चहूबाजूंनी पाण्याचा वेढा असल्यामुळे उष्णता फारशी फुकट जात नाही. अख्ख्या घराच्या आंघोळी त्या एका तोटीवर व्हायच्या. आमच्याकडे पहिला मान आजोबांचा. माझा नंबर येईपर्यंत पाणी कोमट झालेलं असायचं आणि नाकात धूर गेलेला असायचा, त्यामुळे बंबाबद्दल मी फार हळवी नाही.

पण वाकून बघितलं तर खाली जाळीच नाही.

"जाळी कुठंय रे?"

"ती काढली मॅडम. रोप बसत नव्हतं."

पुढचा तासभर मग मला तेच दिसायला लागलं. लामणदिवा होता, त्याची साखळी नव्हती. तो तर टांगायचाच दिवा, पण इथं काचेच्या टेबलावर आडवा झोपवला होता. पानाचा डबा होता, आतल्या वाट्या नव्हत्या. सागवानी दारं होती, कुठल्या तरी वाड्याची. कड्या शाबूत, कोयंडे मात्र चौकटीबरोबर गेलेले. पेठांमधले कितीतरी वाडे 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुरात गेले, उरलेल्यांतले पुष्कळ इमारतींना जागा करून देण्यात गेले, आणि त्यांचे खांब, तुळया, महिरपी अजून अशा स्टॉलवरून फिरतायत. दाराचं आता टेबल होतं, वर काच येते. त्याला माझी ना नाही. लाकूड चुलीत जाण्यापेक्षा ते बरं.

सगळ्यात जास्त लागलं ते जात्याचं. जाती रांगेनं मांडली होती, पण वेगवेगळी करून. वरच्या दगडाच्या मधल्या भोकातून नळी काढून त्याचं कारंजं केलं होतं. खालचे दगड हिरवळीत पावलापावलावर बसवायचे म्हणून वेगळ्या ढिगात. मी म्हटलं, "जोडी नाही मिळणार?" तर त्या मुलाचे मालक, पांढरी टोपी घातलेले गृहस्थ, हसले. "ताई, जोडी कोण घेतंय? दोन गिऱ्हाइकं होतात ना." धंद्याचा हिशेब चोख आहे. पण गी पॉत्वँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्या भरल्या एक लाखाच्या वर. एक लाख! खुंटा धरून दळताना जे कुणाला सांगता आलं नाही ते बायांनी त्या दगडाला सांगितलं. त्या दोन दगडांच्या मधल्या फटीत हे सगळं होतं, आणि आपण एक दगड कारंज्याला दिला, दुसरा पायाखाली घातला.

बरं, ती जाती तरी जुनी होती का? हे ओळखता येतं. जुनं जातं उलटं करून बोट फिरवा. टाकी लावलेल्या दगडावर छिन्नीचे घाव असतात, कमीजास्त खोल, आणि दळून दळून त्यांच्या कडा बोथट झालेल्या असतात. कटरनं पाडलेल्या खाचा एकसारख्या सरळ येतात आणि बोटाला बोचतात. 'टाकीऽऽ' अशी आरोळी देत दारावर येणाऱ्या बायका आठवतात का? जातं, पाटा गुळगुळीत झाला की त्या अंगणात बसून पुन्हा घाव घालून द्यायच्या. त्या खडबडीतपणाचीच तर मजुरी होती.

हीच गोष्ट ग्रामोफोनची. तिथं तीन होते, तिन्हींना पितळी कर्णे, तिन्ही चकाचक. बहुतेक वेळा खोका नवा, कर्णा नवा, आणि आतलं यंत्र एखाद्या मोडलेल्या पेटी-ग्रामोफोनमधून काढून बसवलेलं असतं. बाकीच्या वस्तूंचे अवयव गायब, इथं मात्र चार जणांचे अवयव जोडून एक माणूस उभा केलेला. कर्ण्याच्या नळीला लोहचुंबक लावून बघा. जुने कर्णे बहुधा पत्र्याचे असतात, त्यांना ते चिकटतं, पितळेला चिकटायचं नाही. आणि शोभेसाठी घेत असाल तर घ्या खुशाल, फक्त जुन्याचा भाव देऊ नका.

तांब्यापितळेचं मात्र अजून बघण्यासारखं मिळतं. भांड्यावरच्या गोल गोल ठोक्यांना मठार म्हणतात. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीतून गेलात तर तो ठोक्यांचा आवाज तुम्हाला आधी गाठतो आणि माणसं नंतर दिसतात. हे ठोके शोभेसाठी आहेत असं मला बरीच वर्षं वाटायचं. पण ठोकल्यानं पत्रा कडक होतो, भांडं चेपत नाही. मऊ तांब्याला आकार धरून ठेवायला लावायची ती युक्ती आहे, दिसतं छान हा वरचा नफा. जुन्या भांड्यावर ते ठोके काठाशी, कडीशी, जिथं हात लागतो तिथं, पुसट झालेले असतात. सगळीकडे सारखेच ठसठशीत असतील तर भांडं नवं समजा.

आता माझा एक गाढवपणा कबूल करते. काही वर्षांपूर्वी मी जुन्या बाजारातून एक घंगाळ, म्हणजे आंघोळीचं पाणी काढायचं मोठं भांडं, आणलं होतं. पुण्याबाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगते, मंगळवार पेठेतला हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि तिथं स्पॅनरपासून समईपर्यंत सगळं जमिनीवर पसरलेलं असतं. तर, घंगाळ मोडीच्या भावानं मिळालं, वजनावर, दोन भक्कम कड्यांसकट. गच्चीवर ठेवलं, पाणी भरलं, कमळाचा कंद लावला, आणि डास होऊ नयेत म्हणून आठ गप्पी मासे सोडले. तिसऱ्या दिवशी आठही मासे पोट वर करून तरंगत होते. मला वाटलं नळाच्या पाण्यातलं क्लोरीन बाधलं. पुन्हा मासे आणले, पाणी दोन दिवस मुरवून ठेवलं. पुन्हा तेच. मग एका मत्स्यालयवाल्यानं विचारलं, "काकू, भांडं कशाचं आहे?" माशांना तांबं विष आहे. अगदी थोडं पाण्यात उतरलं तरी पुरतं, आणि पितळेतही तांबं असतंच. सोळा जीव गेल्यावर मला हे कळलं. कमळासाठी दगडी डोण बघा, नाहीतर मातीची कुंडी. घंगाळ आता घासून दिवाणखान्यात आहे, त्यात वर्तमानपत्रं राहतात. आमच्या घरी अजून त्याला 'मासेमारी' म्हणतात.

बागेसाठी सगळ्यात गुणाचं काय, तर साधं मडकं. त्या प्रदर्शनात मडक्यांवर सोनेरी रंगाची नक्षी काढून ती तिप्पट भावानं ठेवली होती, आणि त्या रंगानं नेमका मडक्याचा गुण बुजला होता. बिनरंगाचं मडकं गळ्यापर्यंत मातीत पुरा, पाणी भरा, वर झाकण ठेवा. पाणी झिरपत राहतं, माती कोरडी झाली की जास्त झिरपतं, आणि बाजूची रोपं चार दिवस तुमची वाट बघत नाहीत. गावाला जाणाऱ्यांनी शेजाऱ्यांच्या विनवण्या करण्याऐवजी हे करावं.

एक गोष्ट मात्र घेऊ नका. बागेत ठेवायला म्हणून कुणी वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, किंवा जुनी दगडी मूर्ती देऊ केली तर सरळ पाठ फिरवा. शंभर वर्षांवरच्या मूर्ती 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येतात, त्यांची नोंदणी लागते, विकणाऱ्याला परवाना लागतो. आणि कायदा नसता तरी, वीरगळ हा त्या गावच्या कुणा मेलेल्या माणसाचा दगड आहे. त्याला आपल्या लॉनवर काय काम? दिनकर केळकरांचं पुण्यातलं राजा केळकर संग्रहालय बघा. 20,000 च्या वर वस्तू, दिवे, अडकित्ते, वज्री, दौती, एकेक करून घरोघरून जमवलेल्या. मुलाच्या नावानं उभा केलेला तो सगळा संसार त्यांनी 1975 मध्ये सरकारला देऊन टाकला. तिथल्या अडकित्त्यानं अजून सुपारी कातरता येईल असं वाटतं. वस्तू पुरी असली की असं होतं.

तर, त्या रविवारी मी एक उखळ घेतलं. काळ्या दगडाचं, काठ झिजलेला, आत बोट घसरेल असा गुळगुळीत खड्डा. पाखरांना पाणी ठेवायचं होतं. मालकांनी सांगितलेला भाव ऐकून मी म्हटलं, "दादा, तुमचंच उखळ पांढरं व्हायचं यात." ते म्हणाले, "ताई, उचलून बघा, मग बोला." उचललं नाही. घासाघीस करून निम्म्याच्या थोडं वर आलं. मग आठवण झाली म्हणून विचारलं, "आणि मुसळ?"

"ते काय, लाकूडच होतं. किडलेलं. दिलं टाकून."

दोन माणसांनी उखळ गाडीत घातलं, दोन माणसांनी काढलं. आई खुर्चीवर बसून बघत होती. ती आता ब्याऐंशीची आहे, लग्नानंतर दहा वर्षं तिनं पोहे असल्याच उखळात कांडलेत. ती उठली, काठावर हात फिरवला, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मुसळ?"

"टाकून दिलं म्हणाले."

"म्हणजे केरातच," आई म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या आणायला आत गेली.

नमस्कार.