फक्त नेव्हिगेशनसाठी टॉप व्हेरिएंट घेताय? थांबा जरा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली बघितलं तर निम्म्या कमेंट्स एकाच प्रश्नाच्या आहेत, म्हणून आज दुसरा कुठलाही विषय नाही. प्रश्न असा, की ताई, गाडी बुक करतोय, वरच्या व्हेरिएंटला इनबिल्ट नेव्हिगेशन येतंय आणि खालच्याला नाही, तर तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे घालू का? आणि त्याच्या खाली लगेच कारण पण लिहिलेलं असतं, "कारण घाटात नेट नसतं ना, फोनचं मॅप बंद पडतं."

पैशाचं उत्तर आधीच देऊन टाकते. फक्त तेवढ्यासाठी नका घालू. सनरूफ हवाय, सहा एअरबॅग्ज हव्यात, घ्या की खुशाल. पण ते जे कारण लिहिलंय ना तुम्ही, ते कारणच चुकीचं आहे, आणि आजचा अख्खा व्हिडिओ त्याच्यावर आहे.

बेसिक गोष्टी पटकन उरकते. इनबिल्ट म्हणजे गाडीच्याच सिस्टीममध्ये नकाशा आहे, गाडीचाच अँटेना आहे, फोन घरी विसरलात तरी चालतं. अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले म्हणजे इनबिल्ट नाही! तो तुमचा फोनच आहे, फक्त मोठ्या स्क्रीनवर दिसतोय, डेटा पण तुमच्याच फोनचा जातोय. शोरूममध्ये सेल्सवाला मॅप्स दाखवून "नेव्हिगेशन आहे सर" म्हणाला तर पहिला प्रश्न विचारायचा, फोन काढून घेतल्यावर हे चालेल का? बास, झाले बेसिक.

आता मुद्द्याचं. जीपीएस आणि इंटरनेट ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतायत, ते सिग्नल सोडतात आणि तुमचा फोन तो नुसता ऐकतो, परत काही पाठवत नाही. त्याला सिमकार्ड लागत नाही, रिचार्ज लागत नाही. पटत नसेल तर आत्ता व्हिडिओ पॉज करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका, लोकेशन चालू ठेवा, गच्चीत जा आणि मॅप्स उघडा. निळा ठिपका येतोय ना? नेट नसलं तर पहिल्यांदा यायला थोडा वेळ लागतो, कारण एरवी उपग्रह कुठे आहेत ही माहिती फोन नेटवरून पटकन उचलतो, पण येतो. मग घाटात बंद काय पडतं? नकाशा. ठिपका असतो, त्याच्या खालचा कागद कोरा असतो.

"पण ताई, मी तर घरून निघताना रूट लावला होता आणि घाटात नेट गेलं तरी नीट चालला." हो, चालणारच, कारण रूट लावताना त्या रस्त्याचा नकाशा फोनने तात्पुरता उतरवून घेतलेला असतो. आणि इथेच लोक फसतात, कारण एकदा चाललं की त्यांना वाटतं आपल्याला जमलं. ताम्हिणीचंच घ्या. पुण्याहून पौड, मुळशी करत घाट उतरलात, विळ्याला फाटा येतो, एक रस्ता निजामपूरवरून माणगावला आणि दुसरा कोलाडला. जायचंय दिवेआगरला, म्हणजे माणगाव, पण गप्पांच्या नादात कोलाडकडे वळलात. आता फोनला नवीन रूट काढायचाय, त्यासाठी नेट पाहिजे आणि रेंज नाही. मग ते गोल गोल फिरत बसतं आणि गाडीतले सगळे म्हणतात जीपीएस गेलं. अरे, जीपीएस कुठे गेलं, ते बिचारं तुम्ही नक्की कुठे चुकलात ते बरोबर दाखवतंय!

माझ्या आत्तेभावाचं तर याहून भारी. चुकला वगैरे काही नाही, सरळ रस्त्यावर होता, वाटेत भजी खायला थांबला, पोरांनी त्याच्या फोनवर गेम लावला, अ‍ॅप बंद झालं आणि लावलेला रूट गेला. रेंज शून्य. भजी मात्र फार सुंदर होती म्हणे.

म्हणून उपाय एकच, ऑफलाइन मॅप घरच्या वायफायवर आधी डाउनलोड करायचा. रूट लावणं वेगळं, ऑफलाइन मॅप वेगळा. परत म्हणते, रूट लावला म्हणजे ऑफलाइन मॅप झाला असं नाही. गुगल मॅप्समध्ये वर तुमच्या फोटोवर टॅप करा, ऑफलाइन मॅप्स, मग स्वतःचा मॅप निवडा, तो निळा चौकोन ओढून मोठा करा, डाउनलोड. ह्यात पण लोक काय करतात, "पुणे" शोधून पुण्याचा मॅप उतरवतात आणि जातात कोकणात. चौकोनात अख्खा रस्ता आणि आजूबाजूचे तालुके आले पाहिजेत. आणि हे डाउनलोड मुदतीचं असतं, मागच्या दिवाळीत केलेलं ह्या दिवाळीत चालेल असं धरू नका, निघायच्या आदल्या दिवशी एकदा उघडून अपडेट मारा. मग विळ्याला चुकलात तरी फोन नवीन रूट काढून देतो, नेट न वापरता. ट्रॅफिक मात्र दिसणार नाही, पर्यायी रस्ते पण सुचवणार नाही, ते नेटवरूनच येतं. पण इनबिल्टला तरी ट्रॅफिक कुठून येतं? त्याला पण नेटच लागतं, गाडीतलं सिम, आणि बऱ्याच गाड्यांत ती कनेक्टेड सर्व्हिस सुरुवातीला फुकट आणि नंतर रिन्यू करायची असते. हे शोरूममध्ये कोणी आपणहून सांगत नाही.

इनबिल्टचं दुसरं दुखणं म्हणजे शिळा नकाशा. आमच्या सोसायटीत एकांकडे आहे तशी गाडी, त्यांनी घेतल्यापासून एकदाही अपडेट केलेलं नाही. पुण्यातल्या चांदणी चौकाचा जुना पूल २०२२ मध्ये पाडला, नवे पूल आणि रॅम्प झाले, त्यांच्या गाडीला पत्ताच नाही, ती अजून जुन्याच पुलावरून न्यायला बघते. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, जवळपास २२ किलोमीटर, त्यावर त्यांची गाडी समुद्रातून चालताना दिसते. काका म्हणतात आमची गाडी बोट आहे. सेकंडहँड गाडी घेत असाल तर हे आवर्जून तपासा, आणि अपडेट पेनड्राइव्हने होतं, आपोआप होतं की सर्व्हिस सेंटरला पैसे पडतात तेही विचारा.

आता कोणीतरी लिहिणार, ताई फोनवाल्यांची बाजू घेते. नाही घेत. बोगद्यात इनबिल्ट खरंच वरचढ आहे. उपग्रहाचा सिग्नल डोंगराखाली पोचत नाही, पण गाडीला स्वतःची चाकं किती फिरली आणि आपण किती वळलो हे माहीत असतं, त्यावरून ती हिशोब करत बाण पुढे नेत राहते. समृद्धीवरच्या इगतपुरीच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यात त्याचा काय उपयोग म्हणा, आत वळणार कुठे! पण मुंबईच्या कोस्टल रोडला गिरगावच्या बाजूने आलात की दोन किलोमीटरचा बोगदा संपतो आणि थोड्याच अंतरात अमरसन्स, हाजी अली असे उतरायचे फाटे येतात, तिथे फोनचा बाण अजून आतच अडकलेला असू शकतो. काही गाड्या हीच माहिती अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेला पण देतात, सगळ्या नाही.

आणि मे महिना. काचेवर होल्डर, फोन चार्जिंगला, वरून सोलापूरचं ऊन. थोड्या वेळात स्क्रीन मंद, चार्जिंग बंद, नंतर फोन म्हणतो मी गार होईपर्यंत काही करणार नाही. होल्डर एसीच्या जाळीवर लावा, काचेवर नको. इलेक्ट्रिक गाडी असेल तर इनबिल्टचा अजून एक फायदा, त्याला बॅटरी किती आहे ते थेट कळतं, त्यामुळे चार्जिंगला कुठे थांबायचं ते धरून रूट देणाऱ्या गाड्या आहेत. तिथे मी इनबिल्टलाच मत देईन.

पोलिस पकडतील का हा प्रश्न पण खूप येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमात ऑक्टोबर २०२० पासून स्पष्ट आहे, गाडी चालवताना फोन फक्त रस्ता बघण्यासाठी वापरता येतो आणि तोही लक्ष विचलित होणार नाही असा. म्हणजे होल्डरमध्ये. मांडीवर ठेवून मान खाली घालून नाही.

दोघांचीही बोंब कुठे आहे सांगू? पूल. वरून जायचं की खालून. जीपीएसला तुम्ही डावी-उजवीकडे कुठे आहात ते चार-पाच मीटरच्या फरकाने कळतं, उंचीत त्याहून जास्त चुकतं, आणि पुलावरचा रस्ता आणि त्याच्या खालचा रस्ता नकाशावर एकावर एकच असतात. गुगलने २०२४ मध्ये भारतात फ्लायओव्हर आधी सांगायची सोय आणली, मॅपल्स ह्या आपल्याकडच्या नेव्हिगेशन अ‍ॅपमध्ये पुढच्या चौकाचं चित्र दिसतं, त्याने फरक पडतो. तरी जुलै २०२५ मधली बेलापूरची बातमी आठवत असेल, पुलावरून जायच्या ऐवजी गाडी खालच्या रस्त्याने गेली आणि जेट्टीवरून थेट खाडीत. चालक बाई वाचल्या. त्यामुळे पूल दिसला की बाणाकडे नाही, वरच्या पाटीकडे बघायचं.

एका काकांची कमेंट होती, "आम्ही माणसांना विचारत जायचो." काका, शंभर टक्के. पावसाळ्यात दरड पडलीय का, ओढ्यावरून पाणी जातंय का, हे टपरीवालाच सांगेल. फक्त "हा रस्ता जातो का" असं विचारू नका, सगळेच रस्ते जातात. "इथून एसटी जाते का?" असं विचारा. एसटी जात असेल तर बिनधास्त घाला गाडी.

आणि जाता जाता, गाडी विकताना इनबिल्टमधला घरचा पत्ता, ऑफिसचा पत्ता, जोडलेला फोन, सगळं पुसून सिस्टीम फॅक्टरी रिसेट करा. लोक आरसी ट्रान्सफर करतात, फास्टॅग काढतात आणि हेच विसरतात. कुठल्या गाडीत रिसेटचा ऑप्शन कुठे दडलाय ते सापडत नसेल तर खाली मॉडेल लिहा, मी रिप्लाय देते.