सुनावणीआधीचं अपील

(नागपूर, सिव्हिल लाइन्स. सकाळ. उच्च न्यायालयाचा घुमट, मग पायऱ्या.)

ऊन वर चढलं की हा वालुकाश्म असा उजळतो. इमारत १९४० ची, आराखडा हेन्री मेड यांचा. आणीबाणीत मिसाबंद्यांचे, म्हणजे ‘मिसा’ कायद्याखाली खटल्याविना डांबलेल्यांचे, अर्ज इथे, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आले. हेबियस कॉर्पस. मागणं साधं : माणसाला का डांबलंय ते न्यायालयाला सांगा.

सरकार म्हणालं, अर्ज चालूच शकत नाही. २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं कलम २१ साठी, म्हणजे जीविताच्या नि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी, दाद मागायचा हक्क स्थगित झालाय. नागपूरनं ते मानलं नाही. जबलपूर, दिल्ली, कर्नाटक, राजस्थान, अलाहाबाद, पंजाब-हरियाणा इथल्या उच्च न्यायालयांनीही नाही. यातल्या बहुतेक आदेशांनी कुणाची सुटका केली नव्हती. तुमचं ऐकून घेऊ, एवढंच ते सांगत होते.

(संविधानाचं पान. कलम १३२. कॅमेरा ‘स्पष्टीकरण’ या शब्दावर थांबतो.)

अंतिम निकाल लागलाच नव्हता, मग सरकारचं अपील कशावर? ही ओळ नीट वाचा. अपील ‘अंतिम आदेशा’वर होतं. पण जो मुद्दा अपील करणाऱ्याच्या बाजूनं लागला तर सगळं प्रकरणच निकाली निघेल, त्या मुद्द्यावरचा आदेशही इथे अंतिम धरलाय. सरकारचा आक्षेप नेमका तसाच होता. मान्य झाला की अर्ज संपला. पुढे कलम १३६, खास परवानगीचं. तिथे तर ‘अंतिम’ हा शब्दच नाही. काही अपिलं उच्च न्यायालयाच्या प्रमाणपत्रानं गेली, काही सर्वोच्च न्यायालयाच्या खास परवानगीनं. बंद्याची कैफियत ऐकली जाण्याआधी सरकारची दिल्लीत ऐकली गेली.

(सर्वोच्च न्यायालय, बाहेरून.)

बंद्यांच्या वकिलांत वि. म. तारकुंडे होते, एकेकाळी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. समोर पाच न्यायमूर्ती. २८ एप्रिल १९७६, चार विरुद्ध एक : अर्ज चालणार नाहीत. त्या चौघांत आपले यशवंतराव चंद्रचूडही होते. हे सांगताना जड जातं.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं कलम २१ ला संरक्षण दिलं, २०१७ मध्ये न्यायालयानं हा निकालच रद्द ठरवला.

(हं. रा. खन्ना यांचं छायाचित्र.)

विरोधात मत देणारे पाचवे न्यायमूर्ती हे. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून, त्या चौघांतले बेग सरन्यायाधीश झाले. खन्नांनी राजीनामा दिला.

(छायाचित्र तसंच राहू द्यावं. निवेदन नाही.)